कल्पना हातात आहे, विद्यापीठ अवाढव्य आहे: आधी कोणाचं दार ठोठावायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहात. हवेतली धूळ मोजणारी स्वस्त पेटी बनवून ती विद्यापीठाला लागून असलेल्या वस्तीत लावायची आहे. इनक्युबेशन सेंटरचा (नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या विद्यापीठातल्या केंद्राचा) फॉर्म भरावा, आधी पेटंट करावं, की एखाद्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये शिरावं? दोघांना मेल केले, उत्तर आलं नाही. हजारोंच्या गर्दीत आपल्याला कोण विचारणार, असं वाटायला लागलंय.

दारं तिन्ही बरोबर आहेत, घोळ क्रमाचा आहे. माझा क्रम सांगतो. आधी लॅब, आणि लॅबमध्येही सर्वांत आधी हवा मोजणारं खात्रीचं यंत्र, ज्याच्याशी तुमची पेटी ताडून बघता येईल. त्याच्याच बरोबरीने वस्तीतल्या माणसांशी बोलणं. इनक्युबेशन त्यानंतर. पेटंट बहुधा लागणारच नाही, का ते पुढे येईल.

यातल्या काही गोष्टी तुमच्या विद्यापीठावर अवलंबून आहेत. असं यंत्र आवारात आहे का, लॅबमधल्या कामाला श्रेयांक मिळतात का, विद्यार्थ्याने बनवलेल्या वस्तूची मालकी नियमांत कोणाकडे जाते, आणि परीक्षा कधी आहेत. ही चार उत्तरं बदलली की तपशील बदलतील. क्रम फारसा बदलणार नाही.

मोठं विद्यापीठ बाहेरून एक संस्था दिसतं, आतून ते पाच-दहा माणसांच्या शेकडो गटांचं गाव असतं. त्या गावात तुमचा विषय तुमच्या विभागात राहत असेलच असं नाही. हवेतली धूळ कुठे पर्यावरणशास्त्रात असते, कुठे स्थापत्य अभियांत्रिकीच्या पर्यावरण शाखेत, कुठे भौतिकशास्त्रात ढग आणि सूक्ष्मकण अभ्यासणाऱ्यांकडे, तर कुठे वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनआरोग्य विभागात. म्हणून प्राध्यापकांच्या नावांवरून शोधू नका, यंत्रावरून शोधा. विद्यापीठाचं नाव आणि ‘पीएम २.५’ (म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांची धूळ) असं टाकून गेल्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध काढा. सारांश सोडा आणि थेट कार्यपद्धतीचा भाग उघडा. कोणतं यंत्र वापरलं, ते कुठल्या इमारतीच्या गच्चीवर होतं, हे तिथे लिहिलेलं असतं. मग शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचा. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं आणि मध्यवर्ती उपकरण केंद्राचं नाव हमखास तिथे सापडतं. प्रयोगशास्त्रांत लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव बहुधा गटप्रमुखांचं असतं आणि पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा पीएच.डी. करणाऱ्याचं. पहिला मेल त्या पहिल्या नावाला करा. ती व्यक्ती अजून विद्यापीठात असेल, तर तिला मदतीच्या हातांची गरज गटप्रमुखांपेक्षा कितीतरी जास्त असते.

तुमच्या मेलना उत्तर का आलं नाही, ते मेल न बघताही ओळखता येतं. ‘मला संशोधनाची खूप आवड आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायची इच्छा आहे’ असे मेल गटप्रमुखांना आठवड्याला ढिगाने येतात. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी समोरच्याला नेमकं काय हवंय ते शोधून काढावं लागतं. ते कष्ट समोरच्याचे वाचवा. असा मेल चालतो:

‘नमस्कार, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या निबंधात गच्चीवरच्या यंत्राचे ताशी आकडे वापरले आहेत. माझ्याकडे लेझर सेन्सरच्या तीन पेट्या तयार आहेत. त्या महिनाभर त्याच गच्चीवर ठेवून आकडे ताडून बघायचे आहेत. वीज सोडून तुमच्याकडून काही लागणार नाही. बदल्यात आठवड्याचे आठ तास लॅबचं कुठलंही काम करेन. मंगळवार किंवा गुरुवारी दुपारी १५ मिनिटं भेटता येईल का?’

पाच-सहा वाक्यं, एक ठोस मागणी, एक ठोस देणं, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असा प्रश्न. पेट्या तयार नसतील तर तसं लिहू नका, आधी तयार करा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा आणि मग पुढच्या नावाकडे वळा. त्या विभागाच्या खुल्या व्याख्यानालाही जाऊन बसा. व्याख्यान संपल्यावर माणसं दहा मिनिटं रेंगाळतात. मेलने महिनाभर अडलेलं काम त्या दहा मिनिटांत होऊन जातं.

आठ तास म्हणालात तर चार-चार तासांचे दोन सलग तुकडे द्या. रोज तासभर येणाऱ्या मुलाला काम देणं अवघड जातं, कारण बरीचशी कामं मांडायला आणि आवरायलाच तास जातो. परीक्षेचे आठवडे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. न सांगता गायब होणं हेच लॅबमधून नाव कटण्याचं सर्वांत सामान्य कारण आहे, कमी हुशारी नव्हे.

सुरुवातीला कंटाळवाणं काम मिळेल. धुळीच्या लॅबमध्ये ते फिल्टर तोलण्याचं असतं, आणि तुमच्या दृष्टीने त्याहून चांगलं काम नाही. कसं ते जरा जवळून बघू. प्रमाणित पद्धतीत पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा ४७ मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधून ओढतो. २४ तासांत ही हवा होते २४ घनमीटर. हवेत दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर दिवसभरात फिल्टरवर ९६० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमही नाही, इतकी साचते. फिल्टरचं स्वतःचं वजन याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून एक चिमुकला आकडा काढायचा. बोटाचा ठसा उमटला, स्थिरविद्युतेने फिल्टर तराजूच्या भिंतीकडे ओढला गेला, खोलीत दमटपणा वाढला, की तो चिमुकला आकडा गेला. म्हणून फिल्टर चिमट्यानेच उचलतात आणि तोलण्याआधी किमान २४ तास ठरावीक वातावरणात ठेवतात. अमेरिकी प्रमाणपद्धतीत हे वातावरण २० ते २३ अंश सेल्सिअस आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेचं असतं. शिवाय काही कोरे फिल्टर गच्चीवर नेऊन, हवा न ओढता, तसेच परत आणून तोलतात. त्यांच्या वजनात ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला, तर हाताळणीतच गडबड आहे असं समजून कारण शोधायला लागतात.

यातला ३० ते ४० टक्के आर्द्रतेचा आकडा लक्षात ठेवा. तुमची स्वस्त पेटी नेमकी इथेच फसते.

त्या सेन्सरमध्ये एक छोटा पंखा, एक लाल लेझर आणि बाजूला बसवलेला प्रकाशसंवेदक एवढंच असतं. कण लेझरमधून गेला की प्रकाश विखुरतो, संवेदक ती चमक मोजतो आणि आतलं गणित चमकेवरून वजनाचा अंदाज बांधतं. सेन्सर वजन करतच नाही. दमट हवेत क्षारांचे कण पाणी शोषून फुगतात. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेला विरघळून थेंब होतो. फुगलेला कण जास्त चमकतो, सेन्सर त्याला जास्त धूळ समजतो. फिल्टरवरचा तोच कण तोलण्याआधी कोरड्या खोलीत सुकलेला असतो. म्हणजे दोन्ही यंत्रं प्रामाणिक आहेत, फक्त एक ओला कण बघतंय आणि दुसरं सुका तोलतंय. धुक्याच्या पहाटे सेन्सर दुप्पट आकडा दाखवतो तो यामुळे. उलट ०.३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण त्याला जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे इंजिनातून नुकत्याच निघालेल्या धुराचा मोठा भाग निसटतो.

यावर दुरुस्तीची समीकरणं आहेत. अमेरिकेत पर्पलएअर नावाच्या पेट्यांसाठी तिथल्या पर्यावरण संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये छापलेलं समीकरण असं: पेटीचा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२ वजा करा, मग ५.७५ मिळवा. पेटी ६० म्हणाली आणि आर्द्रता ५० टक्के असली, तर उत्तर येतं ३२.९. जवळजवळ निम्मं! पण हे समीकरण उचलून स्वतःच्या पेटीला लावू नका. ते त्या देशातल्या धुळीवर, त्या जातीच्या सेन्सरवर बेतलेलं आहे. धूळ बदलली की गुणक बदलतात. तुमचे गुणक तुम्हालाच काढावे लागतील, आणि त्यासाठीच लॅबच्या गच्चीवर महिनाभर जागा हवी.

पेट्या तीन ठेवा. एकच असेल तर बिघडलेली कळत नाही, दोन असतील आणि जमेना तर खोटं कोण बोलतंय ते कळत नाही. खात्रीच्या यंत्राच्या हवा ओढणाऱ्या नळीपासून एक-दोन मीटरवर, त्याच उंचीला, कुठल्याही एक्झॉस्टपासून लांब. फिल्टर दिवसाला एकच आकडा देतो, पण गच्चीवरचं यंत्र ताशी आकडे देणारं असेल तर ३० दिवसांचे ७२० होतात. वीज जाईल, कार्ड भरेल, कोळी पंख्यात जाळं विणेल, म्हणून थोडी घट गृहीत धरा. हवेच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. पाच व्होल्टची तार लांब आणि बारीक घेतलीत तर पेटीपर्यंत पोचणारं व्होल्टेज कमी होतं, पंखा मंदावतो आणि आकडा न सांगता खाली सरकतो. आर्द्रतामापक पेटीच्या आत ठेवण्याचा मोह टाळा. बाहेर २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना उन्हाने पेटीच्या आत ३० अंश झाले, तर आतली आर्द्रता साधारण ६० टक्के दिसते. त्या ६० वर बेतलेली दुरुस्ती मग चुकीचीच असणार.

आकडे जुळवताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो सांगू? घड्याळात. तुमची पेटी जागतिक वेळ लिहिते, ते यंत्र स्थानिक. तुम्ही ‘१० वाजता’ म्हणजे १० ते ११ ची सरासरी धरता, यंत्राच्या फाइलमध्ये तेच ९ ते १० ची असते. एक तास सरकलेले आकडे बरे जुळतात, पण छान जुळत नाहीत, आणि विद्यार्थी सेन्सरला शिव्या घालत बसतो. पहिल्याच आठवड्यात तुमची मालिका एक-एक तास पुढे-मागे सरकवून बघा. जिथे सर्वांत चांगली जुळते ते अंतर शून्य यायला हवं.

आणखी दोन फसव्या जागा. सहसंबंध (दोन मालिका किती बरोबरीने वर-खाली होतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९ आला म्हणून पेढे वाटू नका. दुप्पट आकडा दाखवणाऱ्या पेटीचाही सहसंबंध ०.९ येऊ शकतो. उतार (यंत्राचा आकडा एकने वाढला की पेटीचा कितीने वाढतो) आणि सरासरी चूक दोन्ही सांगा. आणि दुरुस्ती तपासताना तास उलटसुलट निवडून अर्धे-अर्धे करू नका. लागोपाठचे तास एकमेकांसारखे असतात, त्यामुळे परीक्षेचा पेपर आधीच फुटल्यासारखं होतं. पहिल्या तीन आठवड्यांवर समीकरण बांधा, चौथ्यावर तपासा. जमलं तर दुसऱ्या ऋतूत आणखी एक महिना करा. कोरड्या महिन्यात बसवलेली दुरुस्ती दमट महिन्यात टिकेलच असं नाही.

लॅबची वही हा छोटा पण अडणारा भाग. पानं क्रमांकित, शाईने लिहिलेली, रोजची तारीख, चुकलेलं खोडायचं ते एका रेघेने, वाचता येईल असं. ‘पेटी २ चा पंखा साफ केला, १४:२० ते १४:४५ बंद’ ही एक ओळ सहा महिन्यांनी आलेखातल्या खड्ड्याचा उलगडा करते. कच्च्या फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्ती नेहमी प्रतीवर. तिसरी प्रत विद्यापीठाच्या सर्व्हरवर, स्वतःच्या पेनड्राइव्हवर नाही.

आता वस्ती. इथे बहुतेक जण पेटी आधी बनवतात आणि प्रश्न मागून विचारतात. उलट करा. गच्चीवरचा महिना चालू असतानाच वस्तीत जाऊन विचारा की हवेबद्दल त्यांना काय जाणून घ्यायचंय. ‘सरासरी पीएम २.५ किती’ हा तुमचा प्रश्न आहे. त्यांचा प्रश्न कदाचित ‘रात्री ११ नंतर वास कुठून येतो’ हा असेल. त्याला धुळीचा सेन्सर उपयोगीच नाही, आणि हे पेट्या टांगण्याआधी कळलेलं बरं. नेदरलँडच्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकानं’ सुरू केली ती याच विचाराने. नागरिक किंवा संघटना प्रश्न घेऊन यायच्या आणि विद्यार्थी-प्राध्यापक त्यावर काम करायचे. तुमच्या विद्यापीठात असा विस्तार विभाग, म्हणजे आवाराबाहेरच्या लोकांबरोबर काम करणारा विभाग, असेल तर त्यांच्याकडून वस्तीतल्या माणसांची ओळख करून घ्या. आधीच्या कुठल्या प्रकल्पाने तिथे आश्वासनं देऊन पाठ फिरवली आहे, हेही त्यांनाच माहीत असतं.

माहिती गोळा करण्याची पद्धत किती फरक पाडते, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतलं फ्लिंट शहर. एप्रिल २०१४ मध्ये शहराने पाण्याचा स्रोत बदलला, नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही, आणि पाण्यात शिसं उतरू लागलं. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक या सार्वजनिक विद्यापीठाच्या गटाने सुमारे ३०० किट पाठवले आणि रहिवाशांनी स्वतः नमुने घेतले. प्रत्येक किटमध्ये तीन बाटल्या. नळ किमान सहा तास बंद ठेवल्यावरची पहिली धार एका बाटलीत, ४५ सेकंद पाणी सोडल्यावर दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. शिसं नळाच्या तोटीतून येतंय की आतल्या पाइपातून, याचा अंदाज त्या फरकावरून बांधता येतो. रात्री नळ वाहता ठेवून सकाळी नमुना घेतला असता तर साचलेलं शिसं आधीच वाहून गेलं असतं आणि कागदावर पाणी स्वच्छ ठरलं असतं. सूचना एका पानाच्या आणि घरच्या माणसाला जमतील अशा होत्या, म्हणून शेकडो नमुने एकमेकांशी ताडता आले. तुमच्याही पेटीबरोबर असं एकच पान जायला हवं: कुठे लावायची, काय करायचं नाही, दिवा लाल झाला तर कोणाला सांगायचं.

संशोधन नीतिमत्ता समितीची मंजुरी माणसांकडून माहिती घेण्याआधी लागते. नंतर मागून मिळत नाही, आणि तिच्याशिवाय गोळा केलेले आकडे बहुतेक नियतकालिकं छापत नाहीत. दीड-दोन महिने हातात धरून अर्ज करा. ‘हवेचेच आकडे आहेत, माणसांचा काय संबंध’ असं वाटेल. पण घरात किंवा सज्जात लावलेल्या पेटीवरून घरात स्वयंपाक कधी होतो, कोणी धूम्रपान करतं का, घर कधी रिकामं असतं, हे सहज कळतं. म्हणून जाहीर नकाशावर घराचा नेमका बिंदू दाखवू नका, जागा ढोबळ करा आणि आकडे उशिराने टाका. संमतिपत्र घरमालकाच्या भाषेत, आणि पेटी केव्हाही काढून द्यायची मुभा त्यात स्पष्ट लिहिलेली.

आकडे परत देताना तुलना कशाशी करायची तेही ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी पीएम २.५ साठी वर्षाच्या सरासरीला ५ आणि २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. दोन मिनिटांच्या उसळीची तुलना २४ तासांच्या पातळीशी करणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यातून विनाकारण घबराट पसरते, आणि एकदा घाबरवून नंतर ‘तसं नव्हतं’ म्हणालात की वस्तीचा विश्वास संपतो.

इथवर आलात म्हणजे साधारण एक सत्र गेलेलं असेल. तुमच्याकडे ताडून पाहिलेल्या तीन पेट्या, दुरुस्तीचं समीकरण, त्याची चूक किती ते, आणि वस्तीतला एक खरा प्रश्न आहे. आता इनक्युबेशन सेंटरमध्ये जायला हरकत नाही.

आधी का नको? तिथे पहिला प्रश्न असतो ‘पैसे कोण देणार’, आणि ब्रेडबोर्डवर कच्च्या जोडलेल्या पेटीकडे त्याचं उत्तर नसतं. तंत्रज्ञान किती पिकलंय हे मोजायला नासाने सुरू केलेली १ ते ९ ची पट्टी वापरतात. टेबलावर चालणारी पेटी तिथे ३-४ ला असते, गच्चीवर महिनाभर टिकलेली ५ च्या आसपास. ३ ला गेलात तर जागा आणि शुभेच्छा मिळतील, बदल्यात कागदांवर सह्या आणि दर महिन्याचे अहवाल. वस्ती तुमची वापरकर्ती आहे, ग्राहक बहुधा नाही. पैसे शाळा, पालिका किंवा एखादा संशोधन प्रकल्प देईल, आणि त्यांच्या गरजा वेगळ्या असतात. कंपनीत हिस्सा मागणारा करार असेल तर विद्यापीठाबाहेरच्या एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

पेटंटबद्दल. सेन्सर तुम्ही विकत घेतलाय, त्यातली कल्पना दुसऱ्याची आहे. तुमचं दुरुस्तीचं समीकरण हे नुसतं गणित आहे, आणि नुसत्या गणिताला बहुतेक देशांत पेटंट मिळत नाही. तुमची खरी पुंजी म्हणजे त्या ७२० तासांच्या जोड्या आणि वस्तीची ओळख, आणि या दोन्हींचं पेटंट होत नसतं. तरीही पेटीत खरोखर काही नवं असेल, उदाहरणार्थ हवा आत घेण्यापूर्वी कमी विजेत सुकवण्याची युक्ती, तर तोंड उघडण्याआधी विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा कक्षाकडे नोंद करा. पोस्टर, परिषदेचा सारांश, खुलं प्रात्यक्षिक, सगळं ‘प्रकटन’ ठरू शकतं. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची सवलत आहे, युरोपात जवळजवळ नाही, भारतात आहे पण मोजक्या प्रसंगांपुरती. पहिला अर्ज केल्यावर दुसऱ्या देशांत जायला १२ महिने मिळतात, आंतरराष्ट्रीय अर्जाच्या वाटेने गेलात तर बहुतेक देशांसाठी पहिल्या तारखेपासून ३० महिने.

मालकी हा नाजूक भाग. तीन गोष्टी विचारा: मला विद्यावेतन कोण देतं, सुटे भाग कोणाच्या पैशांनी आले, आणि या लॅबचा कुठल्या कंपनीशी करार आहे का. तिन्ही उत्तरं ‘काही नाही’ असतील तर वस्तू बहुधा तुमची. एक जरी ‘हो’ असेल तर प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद पुन्हा काढून वाचा. विद्यापीठं याबाबत फार जुन्या काळापासून सावध आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांच्या, अतिनील किरणांनी अन्नातलं ‘ड’ जीवनसत्त्व वाढवण्याच्या पद्धतीचं पेटंट सांभाळायला १९२५ मध्ये स्वतंत्र संस्था (WARF) निघाली. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिन या औषधाच्या नावातली पहिली अक्षरं त्याच संस्थेच्या नावाची आहेत. नावावरूनही वाद होतात. मोझाइक हा ब्राउझर १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संगणन केंद्रातून आला. तो बनवणाऱ्यांपैकी काहींनी बाहेर पडून काढलेल्या कंपनीच्या नावात ‘मोझाइक’ होतं, विद्यापीठाने हरकत घेतल्यावर १९९४ मध्ये ते बदलून नेटस्केप झालं. तेव्हा पेटीला विद्यापीठाचं किंवा लॅबचं नाव चिकटवण्याआधी विचारून घ्या.

सगळं खुलं ठेवायचं असेल, आणि या प्रकल्पाला माझं मत तिकडेच झुकतं, तर परवाना पहिल्या दिवशी ठरवा. सर्किटसाठी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन संस्थेचा खुला हार्डवेअर परवाना आहे. प्रोग्रॅममध्ये जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअर परवान्याची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) वापरलीत तर पेटी दुसऱ्याला देताना पूर्ण प्रोग्रॅमचा स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. हे शेवटी लक्षात आलं की सगळं पुन्हा लिहायची वेळ येते.

निबंध लिहायचा ठरला तर लेखकांची यादी लिखाणाआधी बोलून घ्या. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष बऱ्याच विषयांत मानतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. नुसतं गच्चीची किल्ली देणं लेखकपद नाही, आभार आहे. पण रोज फिल्टर तोलणाऱ्या तंत्रज्ञाने पद्धतीतली चूक शोधून दिली असेल, तर त्याला मसुद्यावर काम करायची संधी द्या. आभारात ढकलून मोकळं होऊ नका.

खरेदीचं एक. सार्वजनिक पैसा म्हणजे दरपत्रकं, सह्या आणि थांबणं. दोन महिने आधी मागणी द्या, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नका, तेव्हा खाती गोठतात. वापरायचा सेन्सर नेमक्या मॉडेल क्रमांकासह मागणीत लिहा. ‘धूळ सेन्सर, ३ नग’ लिहिलंत तर सर्वांत स्वस्त काहीतरी येईल आणि महिनाभराची ताडणी वाया जाईल. सुटे नगही आताच मागा. एसडीएस-०११ सारख्या सेन्सरच्या लेझरचं आयुष्य ८,००० तास सांगितलं जातं, म्हणजे अखंड चालवला तर ३३३ दिवस. दर पाच मिनिटांत एकच मिनिट चालवलात तर तो कितीतरी जास्त पुरतो. पंखा सुरू झाल्यावरची पहिली ३० सेकंदं मात्र फेकून द्या.

शेवटी, तुम्ही दोन वर्षांत विद्यापीठातून बाहेर पडाल आणि पेट्या वस्तीतच राहतील. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थी क्लबमधल्या पहिल्या वर्षाच्या दोन मुलांना आताच बरोबर घ्या, त्यांच्या हातून एक पेटी उघडून, साफ करून पुन्हा ताडून घ्या. डेटाच्या सर्व्हरचं खातं विभागाच्या ईमेलवर उघडा. पेटीतलं सिमकार्ड तुमच्या नावावर नको, विभागाच्या नावावर हवं. पेटीवर लावायच्या चिठ्ठीवर मोबाइल नंबर लिहायचा असेल तर तो तुमचा नको, विस्तार विभागाच्या टेबलावरचा लिहा.